वजन शिजलेल्याचं, आकडा कोरड्याचा

मसुराच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 24-25 ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात. तो आकडा कोरड्या मसुराचा. शिजताना मसूर पाणी पिऊन फुगतो आणि 100 ग्रॅम शिजलेल्या मसुरात जेमतेम 9 ग्रॅम प्रथिनं असतात. निव्वळ वनस्पतिज आहारावर घाम गाळूनही अंग भरत नसेल, तर आधी हा हिशेब तपासा.

वजनाच्या किलोमागे दिवसाला 1.6 ग्रॅम प्रथिनं धरा. 65 किलोला 104 ग्रॅम, म्हणजे चार वेळा 26. हे सगळं मसुरातूनच भागवायचं तर रोज 1,150 ग्रॅम शिजलेला मसूर संपवावा लागेल आणि त्यासोबत सुमारे 90 ग्रॅम तंतू पोटात जातील. पोटाचे काय हाल होतील, ते वेगळं सांगायला नको. म्हणून निम्मा भार सोयावर टाकावा. 50 ग्रॅम कोरडे सोया चंक्स साधारण 25 ग्रॅम प्रथिनं देतात, आणि चरबी नावालाच.

एक बारकावा राहतोच. स्नायूंची बांधणी वेग घेते ती ल्युसिन या अमिनो आम्लामुळे, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकामुळे. ते एका जेवणात अडीच ग्रॅमच्या आसपास मिळावं. सोयाच्या प्रथिनांत ते साधारण 8 टक्के, व्हेमध्ये, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांत, 10-11. त्यामुळे 25 ग्रॅम सोया प्रथिनांतून दोनच ग्रॅम हाती लागतं. निदान व्यायामानंतरच्या जेवणात प्रथिनं 30-32 ग्रॅमवर न्या.

धान्यांत लायसिन कमी, कडधान्यांत मेथिओनिन कमी; हीही अमिनो आम्लंच. पण धान्य आणि कडधान्य दोन्ही एकाच ताटात हवीत, हा जुना हट्ट सोडा. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं. 2021 साली ब्राझीलमधल्या एका अभ्यासात वीगन (निव्वळ वनस्पतिज आहार घेणाऱ्या) आणि मिश्राहारी तरुणांना किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिनं देऊन 12 आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला. स्नायूंची वाढ दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली.

कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या आणि प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवा, म्हणजे गॅसचा त्रास कमी होतो. बी-12ची गोळी टाळू नका. क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवायला मदत करणारं संयुग, रोज 3-5 ग्रॅम घेतलं तर फायदाच. वनस्पतिज आहारात ते जवळजवळ नसतंच.

स्नायू वाढवायला रोजच्या गरजेपेक्षा 200-300 कॅलरी जास्त पुरतात. कंबर मात्र दर पंधरवड्याला मोजा. ती भराभर वाढू लागली तर प्रथिनांना हात लावू नका. तेल आणि शेंगदाणे कमी करा.