सुवासिक लिली

लिलिएसी कुलातील लिलिअम प्रजातीच्या सुमारे १०० जातींपैकी सुगंधी जाती आणि त्यांचे संकर. ही उत्तर गोलार्धातील, मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांतील कंदवनस्पती. मराठीत ‘लिली’ हे नाव फार सैल हाताने वाटले गेले आहे. पहिल्या सरीनंतर कुंडीत डोकावणारी रेन लिली आणि हारात ओवली जाणारी स्पायडर लिली या दोन्ही अमॅरिलिडेसी कुलातल्या, म्हणजे लिलीच्या सख्ख्या नव्हेत.

खऱ्या लिलीतही वास असेलच असे नाही. तो वंशावर ठरतो. फुलवाल्यांकडच्या भडक नारिंगी-पिवळ्या एशियाटिक लिली जवळजवळ निर्गंध असतात. सर्वांत दाट दरवळ ओरिएंटल गटाचा. त्याच्या मुळाशी लि. (लिलिअम) ऑराटम आणि लि. स्पेसिओसम या जपानी जाती आहेत. या गटातली बरीचशी फुले खाली किंवा बाजूला कलत. कॅलिफोर्नियातील लेस्ली वुड्रिफ यांनी १९७४ साली वर तोंड करून उमलणारा गुलाबी ‘स्टारगेझर’ वाण तयार केला आणि पुष्पगुच्छांत ओरिएंटल लिलीची चलती झाली. पांढऱ्यात ‘कासाब्लांका’ला तोड नाही, बंद खोलीत मात्र तिचा एकच दांडा काहींचे डोके दुखवतो.

तुतारीच्या आकाराच्या लिलींचा वास दिवसा बेताचा, सांजवेळी भरात असतो. रात्री उडणाऱ्या पतंगांना तो बोलावतो. त्यातली लि. रीगेल चीनच्या सिचुआनमधील मिन नदीच्या खोऱ्यातली. तिचे कंद आणायला १९१० मध्ये गेलेल्या अर्नेस्ट विल्सन या इंग्रज वनस्पतिसंग्राहकाचा पाय दरड कोसळून मोडला आणि ते जन्मभर लंगडत चालले. भारतात निलगिरी-पलनीच्या डोंगरांतली पांढरी लि. नीलघेरेन्स हीदेखील सुवासिक तुतारीच.

कंदाला फुलण्याआधी थंडी लागते. म्हणून महाराष्ट्राच्या सपाटीवर शीतगृहात ठेवलेला कंद लावावा लागतो. पहिल्या वर्षी तो छान फुलतो, पुढे थंडीवाचून बहुधा नुसती पाने देतो. पाणी साचले तर तेवढेही नाही, कंद कुजतो.

फुलदाणीसाठी खालच्या कळीला रंग चढताच दांडा कापतात. फूल उमलले, की परागकोश खुडून टाकावेत, कारण परागाचा तपकिरी डाग पाण्याने पुसला तर अधिकच पसरतो. घरात मांजर असेल तर खरी लिली आणूच नये: पान, पराग, फुलदाणीतले पाणी, यांतले थोडेसेही पोटात गेले तरी तिची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.