कळशीखालची चाल

उन्हाळा तापला की साक्री-शिंदखेड्याच्या कोरड्या पट्ट्यात आणि सातपुड्यातल्या अक्राणीच्या पाड्यांवर पाणी डोक्यावरूनच घरी येतं. चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, हात मोकळे, आणि एकमेकींशी बोलत ओळीने चालणाऱ्या बाया. ‘सवय असते त्यांना’ असं म्हणून आपण गाडी पुढे काढतो. त्या सवयीत नेमकं काय असतं, हे मोजायला शास्त्राला फार उशीर झाला.

चालण्याचं कुतूहल जुनंच. अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे की भिंतीकडेने चालणाऱ्या माणसाच्या डोक्याला शाईत बुडवलेला बोरू बांधला, तर भिंतीवर सरळ रेघ न उमटता वरखाली होणारी रेघ उमटेल. पाय अंगाखाली सरळ आला की शरीर उंचावतं, दोन्ही पाय फाकले की खाली येतं. १८३६ साली जर्मनीत विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांनी पुढचा विचार मांडला: उचललेला पाय लंबकासारखा आपल्याच वजनाने पुढे झुलतो.

हे पडताळायला कॅमेरा यावा लागला. १८९१ मध्ये लाइपझिगला शरीररचनातज्ज्ञ विल्हेल्म ब्राऊने आणि गणिती ओटो फिशर यांनी चालणाऱ्या माणसाच्या अंगावर चमकणाऱ्या नळ्या बांधून अंधारात छायाचित्रं घेतली. पुढच्याच वर्षी ब्राऊने वारले. आकडेमोड फिशर करत राहिले आणि ग्रंथाचे भाग १८९५ ते १९०४ या काळात निघाले. नुसत्या वजनाने पाय झुलत नाही, स्नायूंनाही काम करावं लागतं, हे त्यातून दिसलं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पहिल्या भागात ओझ्याशिवाय आणि ओझ्यासह, अशा दोन्ही चाली मोजल्या होत्या. पण ते ओझं होतं सैनिकाचं, पाठपिशवी आणि बंदुकीसकट. पाणी आणणारी बाई प्रयोगशाळेत यायला अजून नव्वद-पंचाण्णव वर्षं होती.

मधल्या काळात दोन गोष्टी कळल्या. पहिली, चालीचा ठेका धरायला मेंदूने प्रत्येक पावलाला हुकूम सोडावा लागत नाही. १९११ मध्ये टी. ग्रॅहम ब्राऊन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पावलांची लय मज्जारज्जू स्वतःच निर्माण करू शकतो. १९६६ मध्ये सोव्हिएत संशोधक शिक, सेव्हेरिन आणि ओर्लोव्स्की यांना मांजराच्या मध्यमेंदूत अशी जागा सापडली, जिथे सौम्य विद्युतप्रवाह दिला की प्राणी चालू लागतो आणि प्रवाह वाढवला की धावतो. तोल सावरण्याचं काम मेंदूकडे असतंच. पण मुळातला ठेका खालीच धरला जात असल्याने चालताना गप्पांनाही जागा उरते.

दुसरी गोष्ट इटलीतली. जोव्हानी काव्हान्या आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून दाखवलं की चालताना अख्खं शरीर उलट्या लंबकासारखं टेकलेल्या पायावरून पुढे जातं. शरीर उंचावताना साठलेली ऊर्जा ते खाली येताना वेगाच्या रूपात परत मिळते, सोयीच्या गतीला सुमारे ६५ टक्के. बाकीची स्नायूंनी भरायची.

मग १९८६ मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू जमातींच्या स्त्रियांची मोजणी झाली. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावर किंवा कपाळावरच्या पट्ट्याने नेताना त्यांचा ऊर्जेचा खर्च वाढलाच नाही. त्यापुढे तो वाढत गेला. ३० टक्के ओझ्याला साधारण १० टक्के. पाठीवर ओझं नेणाऱ्या सैनिकांचा खर्च मात्र पहिल्यापासून चढत होता. १९९५ मध्ये नॉर्मन हेग्लंड आणि सहकाऱ्यांनी कारण दाखवलं: ओझं आलं की या स्त्रियांचा लंबक अधिक चोख चालतो. प्रत्येक पावलात शरीर उंचीवरून खाली येण्याच्या सुरुवातीला आपण क्षणभर जी ऊर्जा वाया घालवतो, ती त्या वाचवतात.

याला निसर्गाची देणगी म्हणून मोकळं होता येत नाही. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या स्त्रियांवर झालेल्या मोजणीत हा फायदा सरसकट दिसला नाही. बाईगणिक मोठा फरक निघाला. त्याच सुमारास तिथे पाणी वाहणाऱ्यांच्या मानदुखीचीही नोंद झाली.

आपल्याकडचा हिशेब साधा आहे. ५० किलोच्या बाईला २० टक्के म्हणजे १० किलो, एक लहान कळशी. खाली भरलेला हंडा आला की ती मर्यादा मागे पडते. शिवाय केनियातली मोजणी सपाटीवरची होती. चढाला लंबकाची परतफेड घटते आणि स्नायूंना जवळपास सगळंच उचलावं लागतं. अक्राणीत कितीतरी ठिकाणी झिरा खाली नाल्यात असतो आणि पाडा वर टेकडीवर. उतरताना कळशी रिकामी असते, चढताना भरलेली.