सार्वजनिक जागांतील श्वाननियंत्रण (मुंबई व महाराष्ट्र)

रस्ते, बागा, चौपाट्या, सोसायट्यांची आवारे अशा सामाईक जागांत कुत्र्यांना कसे आवरावे, याविषयीचे स्थानिक नियम व ते राबवण्याची पद्धत. महाराष्ट्रात हे काम महापालिका व नगरपालिका करतात. कुत्रे पकडणारी गाडी, परवाना आणि दंडाची पावती त्यांच्याकडे असते. पण पकडलेल्या कुत्र्याचे पुढे काय करायचे, हे २००१ पासून बहुतांशी केंद्र सरकारचे नियम आणि न्यायालयांचे आदेश ठरवतात. या विषयावरच्या निम्म्या भांडणांचे मूळ या विभागणीत आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत वर्षातून ठरावीक मुदतीत मोकाट कुत्री मारण्याची मोहीम निघे. १८३२ मध्ये ही मुदत वाढवण्यात आली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळू लागले. त्या काळी आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. साहजिकच इनामाच्या लोभाने पाळीव कुत्रीही घरांतून ओढून नेली जात असल्याच्या तक्रारी झाल्या. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. अंत्यविधीतील ‘सगदीद’ या प्रथेत मृतदेह कुत्र्याला दाखवला जातो. ६ जून १८३२ रोजी, पारश्यांच्या पवित्र दिवशी, कुत्री मारणाऱ्या शिपायांवर कोटात (आजच्या फोर्ट भागात) जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, इतर समाजांचे लोकही सामील झाले आणि सरकारला लष्कर बोलवावे लागले. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवण्याचा मार्ग काढण्यात आला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ (निराधार जनावरांचा आश्रय) उभी राहिली. हे प्रकरण पाहता, शहरातील कुत्र्यांवरून आज चालणाऱ्या वादात नवीन असे फारसे काही उरलेले नाही.

कुत्री मारणे मात्र कायमचे थांबले नाही. महापालिकांच्या कायद्यांत तशी स्पष्ट तरतूद होती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या अनुसूचीनुसार आयुक्त जाहीर सूचना काढू शकतात, की अमुक तारखेनंतर गळ्यात पट्टा किंवा मालकीची खूण नसलेले कुत्रे रस्त्यावर सापडल्यास ते मारले जाईल. म्हणजे पट्टा ही हौसेची वस्तू नव्हती, कुत्र्याचा जीव त्याच्यावर अवलंबून होता. पिसाळलेल्या कुत्र्याची धास्तीही तेव्हा मोठी होती; चावा घेतला की पोटात चौदा इंजेक्शने, ही आठवण जुन्या पिढीच्या अंगावर अजून काटा आणते. तरीही मारून संख्या घटत नाही, हे हळूहळू उघड झाले. कुत्री आपापला इलाखा धरून राहतात. एक टोळी नाहीशी झाली की कचऱ्यावर पोसली जाणारी दुसरी तिची जागा घेते.

पाळीव कुत्री : मालक असलेल्या कुत्र्याबाबत नियम सरळ आहेत, पाळले मात्र कमी जातात. महापालिकेकडून वार्षिक परवाना घ्यावा लागतो, त्यासाठी रेबीजची लस टोचल्याचा दाखला लागतो. १९४९ च्या अधिनियमात कुत्र्यांवर कर बसवण्याचीही सोय आहे. वाटसरूंच्या अंगावर जाणारे कुत्रे मुसके व साखळी यांशिवाय रस्त्यावर सोडता येत नाही. कुत्र्याची विष्ठा उचलणे हे मालकाचे काम असून मुंबईत स्वच्छतेच्या २००६ च्या उपविधींखाली दंड होऊ शकतो. भल्या पहाटे साखळी धरून फिरणाऱ्यांपैकी किती जणांच्या हातात कागद किंवा पिशवी असते, हे कोणत्याही उपनगरातल्या पदपथावर खाली बघून चालताना कळते. निष्काळजीपणामुळे कुत्र्यापासून कोणाच्या जिवाला किंवा गंभीर इजा होण्याचा धोका निर्माण झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सोसायट्यांसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यास बंदी घालता येत नाही. लिफ्ट वापरू न देणे किंवा मुसके सक्तीचे करणे हेही चालत नाही. मालकांनी साखळी लावावी, घाण उचलावी, असे त्यांना सांगितले आहे. या सूचना आहेत, कायदा नव्हे. पण सूचनाफलकावर त्या ‘कायदा’ म्हणून डकवल्या जातात आणि शेजारीच कमिटीचा उलट अर्थाचा ठराव, तोही कायदाच म्हणून, लागलेला दिसतो.

भटकी कुत्री : प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली केंद्राने २००१ मध्ये श्वान प्रजनन नियंत्रण नियम केले आणि निर्बीजीकरण हाच मुख्य उपाय ठरला. त्यांची जागा मार्च २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. पद्धत अशी : कुत्रे जाळीने किंवा हाताने पकडायचे, चिमटे किंवा तारेचा फास वापरायचा नाही, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे. ‘गाडी आली, कुत्री नेली आणि आठवड्यात परत आणून सोडली’ अशी तक्रार नागरिक करतात, पण नियमाला अभिप्रेत आहे ते हेच. खाच असलेला कान पाहून गाडीवरची माणसे ते कुत्रे सोडून पुढे जातात. मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री आढळली होती, दहा वर्षांनी ती सुमारे ९१ हजार भरली. घट झाली खरी, पण गल्लीत रात्री मोटरसायकलमागे धावणाऱ्या टोळीला पाहून ती कोणाला जाणवेल असे नाही.

१९४९ चा अधिनियम आणि २००१ चे नियम यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २००८ मध्ये पूर्णपीठाने बहुमताने उपद्रवी कुत्री मारण्याचा आयुक्तांचा अधिकार मान्य केला. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अधिनियमातली ती ओळ छापील कायद्यात राहिली, हाताशी मात्र उरली नाही.

खाऊ घालण्याचा वाद : सर्वांत जास्त भांडणे इथे होतात. २०२३ च्या नियमांनुसार सोसायटीने किंवा स्थानिक संस्थेने खाद्य देण्याची जागा व वेळ ठरवून द्यायची असते. ती जिन्यापासून, इमारतीच्या दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी लागते. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याहून कडक भूमिका घेतली होती : कुत्र्यांना खाऊ घालायचे तर त्यांना रीतसर दत्तक घेऊन घरी न्या, अन्यथा दंड. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निर्देश स्थगित केले.

गोव्याने निराळी वाट धरली. २०१४ पासून तेथे ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या साथीने सरकारने दारोदार आणि रस्तोरस्ती लसीकरण केले, शाळांतून माहिती दिली. २०१८ पासून काही वर्षे राज्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. कुत्री रस्त्यावरून कमी झाली नाहीत, रोग कमी झाला. महाराष्ट्रातील चर्चा चाव्यांच्या आकड्यांभोवती फिरते, त्यामुळे कुत्री कमी करणे आणि रोग कमी करणे या दोन उद्दिष्टांतला फरक तिच्यात सहसा पुसला जातो.

अलीकडचे आदेश : ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत ठेवण्यास सांगितले. अकरा दिवसांनी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदलले : रेबीज झालेली व आक्रमक कुत्री वगळून बाकीची लस व शस्त्रक्रियेनंतर मूळ जागी सोडावीत, खाऊ घालणे प्रत्येक प्रभागातील ठरलेल्या जागीच व्हावे. विषय देशभरासाठी खुला झाला. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांपुरता ‘मूळ जागी सोडा’ हा नियम उलटा केला. तेथून उचललेली कुत्री तेथे परत सोडायची नाहीत. आवाराला कुंपण घालावे, देखभालीसाठी एक अधिकारी नेमावा आणि स्थानिक संस्थेने किमान तीन महिन्यांतून एकदा तपासणी करावी, असेही त्यात आहे. उचललेली कुत्री ठेवण्यासाठी निवारे उभारण्याचा भार अर्थातच पालिकांवर पडतो. कुत्र्यांचे कोंडवाडे पुरेसे असलेली पालिका राज्यात शोधूनच काढावी लागेल.