‘दाबून धर!’ : ब्रेकमधली हवा काढण्याचं काम आलं कुठून?

पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजात ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, दुसरा चाकाशी पाना घेऊन. वडिलांच्या फियाटमध्ये पेडलचं काम माझ्याकडे असायचं. खालून मिस्त्री ओरडायचे, ‘पंप मार... आता दाबून धर!’ चाकाजवळचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, जरासं सैल झालं की नळीतून ब्रेक ऑइलबरोबर बुडबुडे बाटलीत उतरत आणि पेडल पायाखाली खचत जाई. निपल पुन्हा आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा परत आत. सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, कारण मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या नळकांड्यापासून, तेच सगळ्यात लांब.

गाडीच्या पहिल्या जमान्यात हे काम नव्हतंच. ब्रेक दांड्यांवर आणि तारांवर चालत. एक तार सैल, एक ताठ, की गाडी एका बाजूला ओढलीच. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलनं सतराव्या शतकातच सांगितलं होतं. माल्कम लॉकहीडनं १९१७ साली अमेरिकेत त्यावर चाललेल्या ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१ च्या ड्युसेनबर्गमध्ये तो चारही चाकांना आला. सुरुवातीची चामड्याची सीलं गळायची. १९२४ च्या क्रायस्लरसाठी तिथल्या इंजिनिअरांनी रबरी वॉशर घातले, तेव्हा कुठे या ब्रेकवर भरवसा बसला. फोर्ड मात्र १९३९ पर्यंत दांड्या-तारांनाच धरून होती. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते; नळीत हवा राहिली की पेडलचा जोर तिलाच दाबण्यात जातो, चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून हा द्रवावर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक आला तसं हवा काढणंही आलं.

त्या काळच्या ब्रेक ऑइलमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल असे. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून घालत, तेच एरंडेल. पुढे ग्लायकॉलची ऑइलं आली. ती उष्णता सोसतात, पण हवेतली ओल शोषतात, आणि माझ्या मते खरा धोका इथे आहे. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हमी १४० अंशांवर येते. दिवे घाट वरच्या गिअरमध्ये, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर ड्रम-डिस्क तापतात, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती हवेसारखीच दबते. नुसती हवा काढून भागत नाही ते यामुळे. साधारण दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून घ्या आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.

आता एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आलं आहे. १२५ सीसीवरच्या दुचाकींनाही ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. त्याच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये बुडबुडा अडकला तर काही गाड्यांत पेडल मारून तो निघत नाही. स्कॅनर जोडून आतला पंप फिरवावा लागतो. तिरप्या सर्किटच्या गाड्यांत, म्हणजे एक पुढचं आणि तिरपं समोरचं मागचं चाक एका जोडणीवर असतं तिथे, चाकांचा क्रमही वेगळा असू शकतो. घरी पाना हातात घेण्याआधी आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा.