ॲनलॉग की सॉफ्टवेअर मिक्सिंग (इलेक्ट्रॉनिक संगीत)

इलेक्ट्रॉनिक ट्रॅकचं मिक्सिंग खऱ्या डेस्कवर (बटणांच्या मिक्सर टेबलावर) करायचं की कॉम्प्युटरमध्येच, हा प्रश्न ट्रॅक तयार होत आला की जवळपास प्रत्येकाला पडतो. मिक्सिंग म्हणजे किक (ड्रमचा खालचा ठोका), बेस, सिंथेसायझर, गायकाचा गळा असे सुटे चॅनल एकत्र आणून त्यांची लेव्हल, टोन, जागा ठरवायची आणि शेवटी सगळ्याचे डावा-उजवा दोनच चॅनल करायचे. डेस्कवर हे विजेच्या सिग्नलमध्ये होतं, सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांच्या बेरजेत. बँडच्या गाण्यात माईक आणि प्रीॲम्पमुळे (माईकचा सिग्नल वाढवणारं यंत्र) ॲनलॉग काहीतरी आधीच आलेलं असतं, इथे मात्र आवाज बऱ्याचदा कॉम्प्युटरमध्येच जन्मतो, मग त्याला बाहेर काढून परत आत घ्यायचं ते कशासाठी हे आधी स्वतःला सांगता यायला हवं.

पूर्वी पर्यायच नव्हता. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बेस मशीनवर राग वाजवले त्या काळात सगळं डेस्कमधूनच जायचं. जमैकात साउंड इंजिनिअर किंग टबी यांनी तर १९७० च्या दशकात डेस्कच वाद्यासारखा वाजवला, त्यातून डब आलं, म्हणजे रेगे गाण्यांचे इको आणि बेसने भरलेले रिमिक्स. मग सॉफ्टवेअर आली: १९९१ ला प्रो टूल्स, १९९७ ला फ्रूटीलूप्स (आताचं एफएल स्टुडिओ), २००१ ला एबलटन लाइव्ह. गणपती-दहीहंडीचे रिमिक्स करणारी कितीतरी पोरं एफएल स्टुडिओवरच शिकली, डेस्क त्यांनी हातात धरलेलाच नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

सॉफ्टवेअरचा आवाज 'थंड' आणि डेस्कचा 'गरम' असं खूप ऐकायला मिळतं, पण बेरजेत थंड असं काही नसतं. त्याच फायली दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, लेव्हल आणि पॅनचा (आवाज डावी-उजवीकडे वाटण्याचा) नियम सारखा ठेवा, इफेक्ट लावू नका, मग एकाचा फेज उलटा करून (म्हणजे लहर वरची खाली करून) दोन्ही एकत्र वाजवा, ऐकू येण्यासारखं काही उरत नाही. डेस्कचं जे कानाला गोड लागतं ते ट्रान्सफॉर्मर आणि ॲम्पच्या किंचित डिस्टॉर्शनमधून येतं, थोडं चॅनल एकमेकांत झिरपतात त्यातून. ते खरं आहे, मलाही आवडतं, ड्रमच्या ग्रुपवर तर फारच. पण सारखा नॉइज असलेले चॅनल दुप्पट केले की नॉइज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे १६ चॅनल उघडे असले की एका चॅनलपेक्षा १२ डेसिबल जास्त.

सॉफ्टवेअर अडतं ते दुसरीकडे. ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये, म्हणजे आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो तिथे, त्याच्या निम्म्या २२.०५ च्या वरचं काही मावत नाही, त्यामुळे १० किलोहर्ट्झच्या सुराला सॅच्युरेशन (मुद्दाम दिलेलं हलकं डिस्टॉर्शन) दिलं की त्याचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रीक्वेन्सीचा उपसूर, ३० वर न जाता दुमडून १४.१ वर येऊन बसतो, आणि त्याचं मूळ सुराशी काही नातं नसतं. हाय-हॅटवर (ड्रमच्या झांजांवर) हे साचत गेलं की वरची बाजू टोचायला लागते. ओव्हरसॅम्पलिंग (इफेक्टपुरता मोजण्याचा वेग वाढवणं) चालू केलं की बरंच कमी होतं, फक्त कॉम्प्युटरवर लोड वाढतो.

मुंबईत मात्र हा निर्णय वीज, हवा आणि खोली यांच्यावर जास्त ठरतो. वीज ५० हर्ट्झची, जुन्या बिल्डिंगमधलं अर्थिंग बेभरवशाचं, आणि ग्राउंड लूप झाला (दोन यंत्रं वेगवेगळ्या वाटांनी अर्थला जोडली गेली) की हम, म्हणजे विजेची घूं, ५० आणि त्याच्या पटीत येतो. खालच्या सप्तकातला जी (पाश्चात्त्य स्वर) ४९ हर्ट्झचा, म्हणजे गाणं जी मध्ये असेल तर हम आणि सब-बेस (सगळ्यात खालचा बेस) मिळून सेकंदाला एकदा हेलकावे खातात! पावसाळ्यात फेडर (लेव्हलच्या सरकत्या पट्ट्या) खरखरतात, कॉन्टॅक्ट काळे पडतात. एका जुलैत भाड्याच्या स्टुडिओत माझा डावा चॅनल मधूनच पडत होता, दोन तास शोधल्यावर एक गंजलेला पॅच जॅक (केबल जोडायचं भोक) सापडला, तोवर अर्धं सेशन गेलेलं. केबल, कनेक्टर, सुटे पार्ट लॅमिंग्टन रोडला मिळतील, पण डेस्क घरी ठेवायचा तर एसी आणि डीह्युमिडिफायर धरूनच हिशोब मांडा.

आणि खोली. आपल्याकडे १० बाय १० ची बेडरूम हाच स्टुडिओ असतो. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये पहिला रेझोनन्स (खोली स्वतःच घुमते तो सूर) साधारण ५६ हर्ट्झला येतो, लांबी-रुंदी सारखी म्हणून दोन्हीकडून तोच, आणि छतही तेवढंच असेल तर तिहेरी. किकचं वजन नेमकं तिथेच असतं. अगदी मधोमध बसलात तर ५६ जवळजवळ गायब, भिंतीला टेकलात तर फुगलेला, मग मिक्स डेस्कवर करा नाहीतर लॅपटॉपवर, किक चुकणारच. म्हणून समिंग बॉक्स (कॉम्प्युटरचे चॅनल बाहेर ॲनलॉगमध्ये एकत्र करणारं यंत्र) घ्यायला पैसे साठवणाऱ्याला मी आधी कोपऱ्यात जाड रॉकवूलचे बेस ट्रॅप (खालचे सूर शोषणारे पॅनल) लावायला सांगतो, त्यातून उरले तर बाकीचं बघू.

डेस्कच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा हातांचा आहे. आठ फेडरवर दोन्ही हात ठेवून इको उघडत, बेस काढत सहा मिनिटांचा टेक एका दमात घेतला की जे येतं ते सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल बदलण्यासाठी माउसने काढलेल्या ऑटोमेशनच्या रेघेत सहसा येत नाही, डब आणि टेक्नोसाठी तर हेच कारण पुरेसं आहे. उलट बाजू रिकॉलची, म्हणजे जुना मिक्स पुन्हा जसाच्या तसा लावण्याची: जाहिरातवाल्यांचा दोन महिन्यांनी फोन येतो की गळा थोडा वर घ्या, तेव्हा सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट उघडून पाच मिनिटांत काम होतं, डेस्कवर मात्र बटणांचे फोटो बघत सगळं परत लावायचं आणि तरी ते तंतोतंत जुळत नाही.

त्यामुळे बरेच जण मधला रस्ता धरतात. मिक्स कॉम्प्युटरमध्ये, आणि फक्त ड्रमचा ग्रुप किंवा शेवटचा स्टिरिओ एखाद्या कंप्रेसरमधून (मोठा-लहान आवाज सारखा करणारं यंत्र) बाहेर फिरवून आणायचा. यात कन्व्हर्टरचा (आकड्यांची वीज आणि विजेचे आकडे करणाऱ्या यंत्राचा) उशीर लागतो, तो सॉफ्टवेअरमध्ये मोजून भरून काढावा लागतो, नाहीतर किक आणि परत आलेला ड्रम ग्रुप एकमेकांचा बेस खातात. परत आलेला आवाज त्याच दिवशी रेकॉर्ड करून ठेवायचा, आणि शेजारी बाहेर न फिरवलेली मूळ फाईलही तशीच ठेवायची.