ग्लासवरच्या ओघळांवरून वाइनची प्रत कळत नाही

ग्लास गोल फिरवायचा, उजेडात धरायचा आणि काचेवरून उतरणारे दाट ओघळ बघून ‘वाइन उत्तम आहे’ म्हणायचं, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो चुकीचा आहे.

काचेवरच्या पातळ थरातलं अल्कोहोल पाण्याआधी उडून जातं. उरलेल्या थराचा पृष्ठताण वाढतो, तो खालची वाइन वर ओढतो आणि वजन पेलेनासं झालं की थेंब घरंगळतात. शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी १८५५ सालीच हे मांडलं होतं. घरी खात्री करून बघा: ग्लासवर बशी झाका. वाफ कोंडली की थोड्या वेळात नवे ओघळ थांबतात.

या समजाचा सगळ्यात मोठा अन्याय थंड प्रदेशातल्या रेड वाइनवर होतो. फ्रान्समधल्या बर्गंडी भागातली पास-तू-ग्रँ ही रेड वाइन घ्या. त्यात निदान तीस टक्के पिनो न्वार जातीची द्राक्षं आणि जोडीला गामे जातीची. थंडीमुळे द्राक्षात साखर बेताची भरते, म्हणून अल्कोहोलही बेताचं आणि ओघळ किरकोळ. तिची खरी ताकद आंबटपणात असते आणि तो काचेवर दिसतच नाही.

तो तोंडात शोधा. आधी बाटली पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रेड वाइनमधलं अल्कोहोल नाकाला नुसतं झोंबतं. मग छोटा घोट तोंडभर फिरवा. गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं का? हिरड्या जांभूळ खाल्ल्यासारख्या आवळतात की हलक्याच? फळाचा स्वाद किती वेळ रेंगाळतो? चांगल्या वाइनची ही शेवटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते.