ट्रॉलीचं सॉकेट कळकतं तेव्हा

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, कुठल्याही गावातलं गॅरेज घ्या. ट्रॉलीचे दिवे लागत नाहीत म्हणून ट्रॅक्टर आला, की ट्रॉलीच्या दिव्यांचा प्लग जिथे बसतो त्या मागच्या सॉकेटचं झाकण उघडून वायरमन सांगतो, 'कार्बन धरलाय.' पॉलिश पेपरने पिना घासल्या जातात, दिवे लागतात, आणि पंधरा दिवसांत ट्रॉली पुन्हा अंधारात. मुळात तो शब्दच दिशाभूल करतो. काजळी बाहेरून येऊन बसते, पुसली की जाते. सॉकेटमधली हिरवट-पांढरी भुकटी बाहेरून आलेली नसते. ते पिनेचंच पितळ असतं, विरघळून पुन्हा साकळलेलं. म्हणजे प्रत्येक घासणीत आपण पिन थोडी थोडी फेकून देत असतो.

यासाठी अचूक मराठी शब्द जुन्या स्वयंपाकघरात आहे: कळकणं. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, कारण आम्लात तांबं उतरतं. सॉकेटच्या पिनाही पितळेच्या, म्हणजे तांबं आणि जस्त. हिरवा थर तांब्याच्या क्षारांचा, पांढरा जस्ताच्या. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, भिजवणाऱ्या द्राक्ष बागायतदाराला तांब्याचे क्षार वेगळे सांगायला नकोत. चांगल्या सॉकेटच्या पिनांवर कथलाचा किंवा निकेलचा पातळ मुलामा असतो. तीही एक प्रकारची कल्हईच. पॉलिश पेपर पहिला घास घेतो तो या कल्हईचा.

पण सॉकेट भांड्यापेक्षा कितीतरी वेगाने कळकतं, कारण त्यात वीज असते. दोन पिनांच्या मध्ये ओल साचली आणि एका पिनेवर १२ व्होल्ट, दुसरी अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडलेली), की शाळेच्या प्रयोगशाळेतलं विद्युत अपघटन तिथेच सुरू होतं. धन पिनेवरचा तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. पितळातलं जस्त तर त्याच्याही आधी जातं, आणि मागे उरतं लालसर, सच्छिद्र, स्क्रू पिळला की भुगा होणारं तांबं. फॅरेडेच्या नियमाने हिशेब करता येतो: १ अँपिअर वीज १ तास वाहिली तर जास्तीत जास्त १.१९ ग्रॅम तांबं विरघळतं. ओलीतून फक्त ५ मिलिअँपिअर गळत असतील आणि बाजार समितीच्या रांगेत टेल लॅम्प रात्रभर, समजा १० तास, चालू असेल, तर एका रात्रीत सुमारे ६० मिलिग्रॅम. अशा २० रात्रींत १ ग्रॅमच्या वर.

शुद्ध पावसाचं पाणी विजेला बराच विरोध करतं. ठिबकची विद्राव्य खतं, फवारणीचे शिंतोडे, बोअरचं खारट पाणी, हे मिसळलं की तेच पाणी चांगलं वाहक होतं. दिवे बंद असतात तेव्हा पिना फिलामेंटमधून अर्थलाच जोडलेल्या असतात. व्होल्टेजचा फरक नाही, म्हणून अपघटनही नाही. दिवे जितका वेळ चालू तितकी झीज. त्यामुळेच ७ पिनी सॉकेटमध्ये टेल लॅम्पच्या ५ आणि ७ नंबरच्या पिना सहसा आधी खलास होतात, आणि इंडिकेटरच्या पिना त्या मानाने टिकतात.

ट्रॅक्टर गोठ्यालगत उभा राहत असेल तर आणखी एक शत्रू हजर असतो: शेणमुताचा अमोनिया. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश छावण्यांमध्ये पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. ती तबेल्यांजवळ ठेवलेली असत. ताणाखालचं पितळ, ओल आणि अमोनिया एकत्र आले की धातू कणाकणांच्या सीमांवरून फाटतो, हे १९२१ मध्ये नीट स्पष्ट झालं. सॉकेटची चिरलेली नळी प्लगच्या पिनेला स्प्रिंगसारखी आवळून धरते, म्हणजे ती कायम ताणाखाली असते. ती उभी तडकली तर कितीही घासा, पकड येणार नाही. ते सॉकेट बदलायचंच.

आता अर्थ. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मागे दोन ब्रेक लाइट (प्रत्येकी २१ वॅट), एक इंडिकेटर (२१ वॅट) आणि दोन टेल (प्रत्येकी ५ वॅट) एकदम लागले तर एकूण ७३ वॅट, म्हणजे ६ अँपिअरच्या आसपास. जाताना ही वीज वेगवेगळ्या वायरींतून विभागून जाते, पण परत येताना सगळी एकाच वायरीतून येते: ३ नंबर, पांढरी, अर्थ. त्या एका जोडात अर्धा ओहम रोध आला तर वीज थोडी घटते, आणि तिथेच जवळजवळ अडीच व्होल्ट खर्ची पडतात. दिव्यांना उरतात साडेनऊ. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने कोसळतो. व्होल्टेज १० टक्के उतरलं तर प्रकाश ३० टक्के जातो, आणि इथे तो निम्म्याहूनही खाली येतो. खर्ची पडलेले व्होल्ट जोडात साधारण १२ वॅट उष्णता करतात. सॉकेटचं प्लास्टिक पिनेभोवती वितळलेलं दिसतं ते यामुळे.

अर्थ पूर्ण तुटला तर दिवे निव्वळ बंद होतात असंही नाही. डावा इंडिकेटर द्या: वीज ट्रॉलीच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून सामाईक अर्थ वायरीत येते. पुढे रस्ता बंद. मग ती टेल आणि ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटी शिरते, त्यांच्या वायरींनी सॉकेटमधून ट्रॅक्टरकडे जाते आणि ट्रॅक्टरच्याच मागच्या बल्बांतून बॉडीला पोचते. परिणामी इंडिकेटरसोबत टेल लॅम्पही मंद लुकलुकतो. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका, अर्थ तपासा. गंमत अशी, की ट्रॉलीचा हूक आणि पिन लोखंडी असल्याने ओढ बसली की तिथून अर्थ मिळतो. म्हणून गॅरेजमध्ये सगळं ठीक असतं आणि खड्ड्यात पिन सैल झाली की रस्त्यावर दिवे नाचतात.

तपासताना नुसत्या मल्टिमीटरवर भिस्त ठेवू नये. कळकलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ वीज ओढतच नाही, आणि वीज वाहिल्याशिवाय रोध दिसत नाही. २१ वॅटचा बल्ब होल्डरला दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प म्हणून वापरा. तो लख्ख पेटला तरच लाइन चांगली. किंवा सगळे दिवे चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ट्रॉलीच्या दिव्याच्या अर्थला टेकवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला तर अर्थच्या वाटेत दोष आहे. मग एकेक जोड ओलांडत मोजत या. जिथे आकडा एकदम उतरतो तो जोड दोषी. बऱ्याचदा तो पिनेत नसून वायर आवळणाऱ्या स्क्रूखाली किंवा चासीवरच्या रिंग लगखाली (वायरीच्या टोकाच्या कडीखाली) असतो.

बदलायचं ठरलं तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि जुन्या जोडणीचा फोटो घ्या. ७ पिनी, १२ व्होल्टच्या सॉकेटची प्रमाण रचना अशी: १ पिवळी, डावा इंडिकेटर, २ निळी, फॉग किंवा जादा दिवा, ३ पांढरी, अर्थ, ४ हिरवी, उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी, उजवा टेल, ६ लाल, ब्रेक, ७ काळी, डावा टेल. घात होतो तो काळ्या वायरीत. काळी म्हणजे निगेटिव्ह, या सवयीने ती बॉडीला जोडली की टेल लॅम्प लावताक्षणी फ्यूज उडतो. मग कुणीतरी फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. शिवाय आधीच्या वायरमनने रंग पाळले असतीलच असं नाही, म्हणून प्रत्येक वायर टेस्ट लॅम्पने खात्री करूनच जोडा. प्लग आणि सॉकेट समोरून पाहिले तर एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. चित्रावर न जाता टर्मिनलजवळ कोरलेला आकडा वाचा. ट्रकचं २४ व्होल्टचं सॉकेट वेगळं, ते यात मिसळू नका.

वायर सोलल्यावर आतलं तांबं काळं दिसलं तर ते टोक वापरू नका. वातीत तेल चढतं तसं पाणी तारांच्या फटींतून प्लास्टिकखाली वर चढलेलं असतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा, मग वीतभर वायर गेली तरी चालेल. कमी पडली तर नवी जोडा. दिव्यांसाठी निदान १ चौरस मिलिमीटर, अर्थसाठी २.५. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकावर रांगा चढवू नये: सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि आवळलेला स्क्रू महिनाभरात ढिला पडतो. टोकाला तांब्याची स्लीव्ह दाबून बसवा, स्क्रू आवळा आणि वायर ओढून बघा. चासीवर रिंग लग बसवताना रंग खरवडून लोखंड उघडं करा, दातेरी वॉशर घाला आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

जेलीबद्दल हमखास शंका येते: ती विजेला अडवते ना? अडवते, पण पिन घट्ट बसते तिथे धातूचे उंचवटे एकमेकांवर दाबले जाऊन जेली बाजूला सरते. संपर्क धातूचा राहतो आणि भोवतालच्या फटींत पाणी शिरत नाही. तांब्याची किंवा ग्रॅफाइटची पूड असलेलं ग्रीस मात्र इथे नको. ते दोन पिनांमध्ये पूल बांधू शकतं. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉनही नको, कारण सुकताना त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं आणि पिना आतून कळकतात. सॉकेटच्या तळाला पाणी निघायचं भोक असेल तर ते कधीच बुजवू नका. झाकणाची बिजागरी वर, केबल खालून आत, आणि आत शिरण्याआधी केबलला एक झोल, म्हणजे थेंब तिथेच गळतो. मागचं रबरी गॅस्केट नवं घ्या. वाचवायला जावं एवढी त्याची किंमत नसते.

'एलईडी लावा, कटकट संपेल' हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. तो अर्धा खरा आहे. एलईडी कमी वीज ओढते, म्हणून कळकलेल्या जोडातूनही काही दिवस पेटते आणि दोष झाकला जातो. ओलीतली गळती आणि पिनांची झीज मात्र तशीच चालू राहते. ट्रॉलीच्या मागे लिंबू-मिरची, काळी बाहुली बांधलेली दिसते आणि तिच्या वीतभर शेजारी दिवा बंद असतो, हे बघून फार वाईट वाटतं. मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री मागून येणाऱ्या चालकाला बाहुली दिसत नाही. त्याला दिवा दिसतो, आणि दिवा गेलाच तर लाल रिफ्लेक्टर. तो ट्रॉलीला असलाच पाहिजे.

पिना घट्ट असून नुसत्या मळल्या असतील तर चिंचेचं पाणी चालतं, पितळी भांड्यांना चालतं तसंच, पण सॉकेट सुटं करून. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, मग स्वच्छ पाण्याने धुवा आणि दिवसभर उन्हात वाळवा. आम्ल आत राहिलं तर आठवड्यात पुन्हा हिरवं. मिरगाच्या आधी एकदा आणि पाऊस उघडल्यावर एकदा एवढी देखभाल पुरते. ट्रॉली सोडल्यावर प्लग मातीत लोळू न देता ट्रॉलीच्या दांड्यावर जुनं, वायर नसलेलं सॉकेट पक्कं करून त्यात अडकवावा, तोंड खाली करून.